वाटी बुडायच्या आत

सन एकोणीसशे सदतीस. साल मी पक्कं सांगू शकते, कारण त्याच वर्षी मी सातवीची, म्हणजे तेव्हाच्या व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास झाले. आणि त्याच वर्षी सदलग्याहून निपाणीला येणारी मोटार बोरगावच्या पुढे चिखलात रुतली. पहिली गोष्ट मी रात्रंदिवस घोकून मिळवली होती. दुसरी आपोआप घडली. आयुष्य मात्र त्या दुसरीनंच बदललं.

मला अठरा पुरी झाली होती. आई लवकर गेली, घर माझ्यावर आलं, म्हणून शाळाही उशिरा संपली आणि लग्नही लांबलं. त्या दिवशी मी आणि मालुआत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण, मोटारीत मागच्या बाकावर बसलो होतो. पाऊस धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता. एकाएकी मोटार तिरकी झाली आणि बसली.

"सगळी खाली उतरा!" ड्रायव्हर यल्लाप्पा ओरडला. "बायाबी!"

पुरुष उतरले. बायका ओचे खोचून उतरल्या. आत्याचा गुडघा सुजून भोपळा झाला होता.

"आत्या उतरायची न्हाय," मी म्हणाले.

"मग गाडीबी हलायची न्हाय."

"गाडी चिखलानं अडलीया, का आत्यानं?"

"लई शिकलेली दिसतीस!"

"शिकलेली हाय, म्हणूनच इचारतीया!"

मागे एक तरुण उभा होता. टपावर बांधलेली आपली सायकल घसरू नये म्हणून त्यानं ती एका हातानं धरली होती. पाय पोटरीपर्यंत चिखलात, टोपी भिजून कपाळावर आलेली. तो हळूच म्हणाला, "यल्लाप्पा, जरा थांब. यांचं म्हणणं काय ते मी सांगतो. चुकलं तर त्या सांगतील." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमचं म्हणणं असं — आत्यांचा गुडघा दुखतोय. चिखलात पाय घसरला तर त्या उठायच्या न्हाईत. गाडी अडवून धरायचा तुमचा हट्ट न्हाय. बरोबर?"

"...बरोबर."

"आणि यल्लाप्पाचं म्हणणं, मागं वजन हाय म्हणून मागलं चाक आत जातंय. व्हय रं?"

"हौदु," यल्लाप्पा म्हणाला. रागात असला की तो कानडीत जायचा.

"मग आत्यांनी उतरायचंच कशाला? पुढं तुझ्याशेजारी बसू देत."

ज्या जागेवर एरवी फौजदार बसायचा, त्या जागेवर माझी आत्या पदर सावरून बसली. माणसांनी जोर लावला. मोटार धक्का देऊन निघाली आणि मागच्या चाकानं तेवढाच चिखल त्या तरुणाच्या पांढऱ्या सदऱ्यावर ओतला. मला हसू आवरलं नाही.

"ह्या हसण्यामागं तुमचं म्हणणं काय?" त्यानं विचारलं.

"हसणं हे म्हणणं नसतं."

"मग काय असतं?"

मी तोंड फिरवलं. निपाणी येईपर्यंत फिरवलेलंच ठेवलं... पण कान त्याच्याकडेच होते. तोवर मला लोकांनी उत्तरं दिली होती, दटावलं होतं, क्वचित शाबासकीही दिली होती. माझं बोलणं आधी नीट ऐकून, होतं तसं माझ्या ओंजळीत परत ठेवणारं माणूस मला भेटलं नव्हतं.

आत्यानं निपाणी यायच्या आत सगळी माहिती काढली. नाव जिनदत्त चौगुले, बोरगावचे. मॅट्रिक झालेले, घरची शेती. दर रविवारी सायकलवरून निपाणीला यायचे, ते भरमाप्पा मास्तरांच्या वादसभेसाठी. आज सायकलीनं दगा दिला म्हणून मोटार.

"पोरगं ग्वाड हाय," आत्या म्हणाली. "मला फौजदाराच्या जागंवर बसीवलं!"

ही वादसभा चातुर्मासात बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, ओवरीत भरायची. शेताची कामं थोडी मंदावलेली असत. सभा सुरू व्हायची दुपारी आणि संपायची दिवस मावळायच्या बरीच आधी, कारण उजेड आहे तोवर सगळ्यांना घरी जाऊन जेवायचं असायचं. भरमाप्पा मास्तर मध्ये घंगाळ ठेवत. त्यातल्या पाण्यावर तांब्याची एक वाटी सोडत, तिच्या बुडाला बारीक भोक. लग्नाचा मुहूर्त बघायला असते तशी, पण धाकटी. सहा-सात मिनिटांत ती भरून बुडायची, की बोलणाऱ्यानं बसायचं.

मास्तरांचा पहिला नेम जिनदत्तांनी मला चिखलातच दाखवला होता. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं, आणि तो "व्हय, हेच माझं म्हणणं" म्हणेपर्यंत पुढं जायचं नाही. दुसरा नेम म्हणजे बोलायचं ते म्हणण्याला, माणसाला नाही. कुणी माणसावर घसरला, की मास्तर बोटानं वाटी दाबत आणि म्हणत, "बुडाली!" त्याची पाळी तिथंच संपे. आणि बाजू कुठली घ्यायची ते आपण ठरवायचं नाही. चिंचोका मधोमध फोडून त्याचा अर्धा भाग उडवायचा. काळी बाजू आली तर 'नको', पांढरी आली तर 'हवं'.

त्या वर्षी मास्तरांनी मुलींनाही बोलायला बोलावलं, आणि विषय ठेवला, 'मुलींनी सातवीनंतर शिकावं का?'

तो विषय सभेचा होता, पण जीव माझा टांगलेला होता. मास्तरीण होण्याच्या ट्रेनिंगसाठी बेळगावला माझं नाव लागलं होतं. दसऱ्यापर्यंत हजर व्हायचं होतं. माझे वडील — आप्पा, निपाणीतले तंबाखूचे व्यापारी आणि बस्तीचे पंच — 'नको' म्हणत होते. का, ते सांगत नव्हते. संकेश्वरचं एक स्थळ आलेलं होतं. मी बेळगावला गेले नाही, तर दसऱ्याला तिकडे होकार जाणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

रविवारी आप्पा पुढच्या ओळीत बसले. चिंचोका उडाला. मला पांढरी आली. माझ्यासमोर 'नको'च्या बाजूनं कोण, तर जिनदत्त.

ते आवाज न चढवता बोलले. पोरगी परगावी आजारी पडली तर उशाशी कोण, तिला जोडीदार मिळेल तो तिच्या शिक्षणाचा मान ठेवणारा असेल का, आणि बापाचं मन ज्या भीतीनं मागं सरतं ती भीती म्हणजे वैर नव्हे. पुष्कळ बापांनी माना हलवल्या.

मी उठले. "यांचं म्हणणं असं, की बाई म्हणजे तंबाखूचं वाळलेलं पान. हात लावला की चुरा."

"न्हाय," ते म्हणाले. "असं मी म्हणालो न्हाय."

"परत सांग, ब्राह्मी," मास्तर म्हणाले.

वाटीत पाणी चढत होतं. मला घाई झाली, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या त्या शांत डोळ्यांचा रागही आला. मी नेम सोडला आणि पुढच्या ओळीकडे हात केला.

"आदिनाथ भगवंतांनी पहिली लिपी शिकवली ती आपल्या लेकीला, ब्राह्मीला! माझ्या आप्पांनी नाव तेवढं उचललं. अक्षरं मात्र मापून दिली!"

ओवरी हसण्यानं आणि टाळ्यांनी दणाणली. त्या आवाजात मास्तरांचं "बुडाली!" मला नीट ऐकूही आलं नाही. मला दिसलं एवढंच, की आप्पांनी मान खाली घातली आणि मांडीवरची टोपी उचलून ते उठले.

घरी त्यांनी ताटाला हात लावला नाही. दिवस मावळला, म्हणजे आता सकाळपर्यंत उपास. उंबऱ्यात थांबून एवढंच म्हणाले, "बेळगावचं नाव ह्या घरात काढू नकोस, ब्राह्मी."

दोन दिवसांनी आत्याबरोबर दर्शनाला गेले, तर बस्तीच्या कट्ट्यावर जिनदत्त बसलेले. रविवार नव्हता. सायकल खांबाला टेकवलेली. आत्या जपमाळ घेऊन आमच्यामध्ये बसली आणि मोठ्या समजूतदारपणानं डोळे मिटले.

"रविवारी तुम्ही जिंकला," ते म्हणाले.

"टोमणा मारताय?"

"टाळ्या तुम्हांलाच मिळाल्या की. पण पटलं कुणाला?"

माझे डोळे भरून आले. ते गडबडले. खिशात रुमाल शोधू लागले, सापडला तो सायकलीच्या तेलाचा. मला रडता रडता हसू आलं.

"तुम्ही माझ्या बाजूनं का बोलला न्हाय?" मी विचारलं.

"चिंचोका काळा पडला."

"आणि मन?"

"मन सभेत आणायचं न्हाय, असं मास्तर म्हणतात." थोडं थांबून ते म्हणाले, "पण... आज सभा न्हाय."

आत्याची माळ थांबली, आणि मग जरा जोरात चालू लागली.

"आप्पांचं म्हणणं काय हाय?" त्यांनी विचारलं.

"नको म्हणतात."

"ते उत्तर झालं. म्हणणं काय?"

दोन महिने मी आप्पांशी भांडत होते, आणि त्यांचं म्हणणं मला माहीतच नव्हतं.

संध्याकाळी जेवणं आटोपली. रोजच्यासारखं आप्पांनी वर्तमानपत्र माझ्यापुढं सरकवलं. कितीतरी वर्षांचा हा आमचा रिवाज होता. चष्म्यानं डोळा दुखतो म्हणायचे, आणि मी वाचून दाखवायची. त्या दिवशी मी घडी उघडली नाही.

"आप्पा, तुमचं म्हणणं मला सांगू द्या. चुकलं तर न्हाय म्हणा. मी आजारी पडेन, ही भीती?"

"न्हाय."

"लोक नावं ठेवतील?"

"लोकांचं काय घेऊन बसलीस."

"संकेश्वरचं स्थळ हातचं जाईल?"

"न्हाय गं."

वखारीतून नाकाला झोंबणारा तंबाखूचा वास येत होता. आप्पांनी ते वर्तमानपत्र उचललं, डोळ्यांपुढं धरलं... आणि मी पाहिलं. त्यांनी ते उलटं धरलं होतं. कदाचित मुद्दामच.

"तू बेळगावास्नं पत्र लिहिशील," ते म्हणाले. "ते मी कुणाकडनं वाचून घेऊ? दिवाणजीकडनं? माझ्या लेकीचं सुखदुःख आधी परक्याच्या तोंडात जाणार, मग माझ्या कानात."

सगळं एकदम कळलं. मी भरसभेत हात करून, अक्षर न येणाऱ्या माणसाला म्हणाले होते की तुम्ही अक्षरं मापून दिलीत! आणि हा माणूस 'मला येत नाही' एवढं म्हणून सुटू शकला असता. तो टोपी उचलून उठला.

मी त्यांचे पाय धरले. मग नेमाप्रमाणे म्हणाले, "तुमचं म्हणणं असं, आप्पा, की मी जावं... पण माझं पत्र तुम्हांलाच आधी कळावं."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "व्हय," ते म्हणाले. "हेच माझं म्हणणं."

मग वाद घालायला उरलंच काय? आत्यानं जसं मोटारीतून उतरायची गरज नव्हती, तसं आप्पांनी हरायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी मी पाटी काढली. दसरा जवळजवळ महिनाभर लांब होता.

"कुठलं अक्षर आधी?" मी विचारलं.

"तुझं नाव."

त्यातलं पहिलं 'ब्रा' लिहिण्यातच सकाळ गेली. आप्पांनी कपाळावरचा घाम पुसला. "लई अवघड नाव ठिवलं की गं मी! कमला ठिवलं असतं तर आत्ता सुटलो असतो."

पुढच्या रविवारी विषय तोच ठेवा, अशी मी मास्तरांना विनंती केली. उभी राहून म्हणाले, "मागल्या खेपेला मी माणसाला बोलले. माझी वाटी बुडाली ती बरोबर बुडाली." मग मी जिनदत्तांचं म्हणणं मांडलं. उशाशी कोण, मान ठेवेल का, बापाची भीती म्हणजे वैर नव्हे. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

"व्हय," ते म्हणाले. "मी म्हणालो त्यापेक्षा बरं सांगितलंत."

तेवढ्यात पुढच्या ओळीत आप्पा उठले.

"मला वाचता येत न्हाय," आप्पा म्हणाले. "हे आजवर कुणाला सांगितलं न्हवतं. आता लेक शिकवतीया. 'ब' आला, 'ह' आला, 'म' आला. 'ळ'नं दमीवलंय. ती जाणार हाय बेळगावला." आणि ते बसले.

जिनदत्तांची पाळी होती. मास्तरांनी वाटी सोडली. ते उठले, आप्पांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "माझ्या बाजूला सांगण्यासारखं आता काही उरलं न्हाय. माझी वाटी मी तुम्हांला देतो."

ती वाटी भरून बुडेपर्यंत कुणी बोललं नाही. कौलांवरून ओघळणारं पाणी तेवढं ऐकू येत होतं. इतकी सुंदर सहा-सात मिनिटं मी पुन्हा कधी ऐकली नाहीत.

दसऱ्याच्या आधी दोन दिवस मी निघाले. बेळगावची फेरी त्या दिवशी यल्लाप्पाकडे होती. मोटार स्टँडवर आप्पा टपावर ट्रंक बांधून घेण्यात गुंतले होते. सायकल हातात धरून जिनदत्त जवळ आले.

"एक म्हणणं मांडायचं होतं."

"मांडा. वाटी न्हाय, पण यल्लाप्पा हाय. भोंगा वाजवला की बुडाली."

ते हसले. मग हसू गेलं. "तुम्ही पुरं शिका. मास्तरीण व्हा. तोवर मी थांबतो... आणि नंतरही, तुम्ही म्हणाल तर."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण नेम तो नेम. "तुमचं म्हणणं असं — दोन वर्षं मी बेळगावात, तुम्ही बोरगावात. तुम्ही माझी वाट बघणार. बरोबर?"

"अर्धंच."

"मग उरलेलं?"

"वाट बघणार, पण तुम्हांला बांधून ठेवून न्हाय. 'न्हाय' म्हणालात तरी दर रविवारी सभेला येईन, आणि तुमचं 'न्हाय' सगळ्यांना नीट समजावून सांगेन."

यल्लाप्पानं भोंगा वाजवला. "उत्तर?" त्यांनी विचारलं.

"पत्रानं," मी म्हणाले, आणि पुढच्या जागेवर चढून बसले.

आप्पांनी बजावलं होतं, "कार्ड घालू नकोस. पाकीट घाल. आणि अक्षर मोठं काढ." पहिल्याच आठवड्यात मी पाकीट घातलं. एकेक अक्षर बोराएवढं. खोली बरी आहे. पाणी वेळेवर येतं. भाकरी आपल्या घरची आठवते. आणि सगळ्यात शेवटी लिहिलं, 'आप्पा, बोरगावच्या जिनदत्तांना सांगावं, की त्यांचं म्हणणं मला पटलं.'

आत्या सांगायची, की ते पाकीट घेऊन आप्पा सकाळी कट्ट्यावर बसले ते दुपारी उठले. दिवाणजी मदतीला आला, तर त्याला हाकललं. शेवटची ओळ त्यांनी बोट ठेवून तीनदा वाचली. मग कुणाला काही न सांगता यल्लाप्पाच्या मोटारीत बसले आणि थेट बोरगावला जाऊन जिनदत्तांच्या दारात उभे राहिले.

"कसलं म्हणणं रं तुझं?" त्यांनी विचारलं. "माझ्या लेकीला पटलंय म्हणं. मला तरी सांग!"

माझ्या जन्मातली सगळ्यात आनंदाची बातमी आधी माझ्या बापानं वाचली. स्वतःच्या डोळ्यांनी.

एकोणीसशे चाळीसच्या वैशाखात आमचं लग्न झालं. मुहूर्ताच्या मोठ्या वाटीशेजारी मास्तरांनी आपली धाकटी वाटी सोडली आणि म्हणाले, "ही तुम्हां दोघांना. भांडाल तेव्हा लागंल." सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात, स्वातंत्र्याच्या आदल्या महिन्यात ते गेले. यल्लाप्पानं मोटार चालवली तोवर पुढची जागा म्हाताऱ्या बायांसाठी राखून ठेवली. एकदा एका फौजदाराला मागं बसवलं, असं तो अभिमानानं सांगायचा. मालुआत्या माझ्या थोरल्या मुलाचं बारसं बघून गेली. आप्पा मला दर आठवड्याला पत्र लिहायचे. पहिल्यांदा चार ओळी, मग पान, मग दोन पानं, आणि शेवटपर्यंत 'ळ' उलटा. ती सगळी पत्रं माझ्याजवळ आहेत. बोरगावच्या शाळेत मी एकतीस वर्षं मुलींना शिकवलं. 'उत्तर नंतर दे, आधी तिचं म्हणणं सांग' हे ज्या मुलींना मी शिकवलं, त्या आता आज्या झाल्या. भेटल्या की अजून हेच म्हणून दाखवतात.

आणि ते. आम्ही पुष्कळ भांडलो. वाटी पुष्कळदा सोडली. बुडाली ती बहुतेक वेळा माझी. शेवटच्या वर्षी त्यांची जीभ जड झाली, शब्द अर्धे राहायचे. मग मीच त्यांचं म्हणणं पुरं करायची. खिडकी उघडू? व्हय. पाणी हवं? व्हय. एका दुपारी मी तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा त्यांनी मान हलवली, न्हाय. बाहेर पाऊस धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता.

मी त्यांचा हात हातात घेतला. "तुमचं म्हणणं असं का," मी विचारलं, "की त्या दिवशी सायकल बिघडली, हे लई बरं झालं?"

ते हसले. किती दिवसांनी.

"व्हय," ते म्हणाले. अगदी स्पष्ट.